ओवीची दुसरी ओळ

"वैनी, घसा बसलाय माजा. आजच्या दिस तेवढी ओवी तुमी म्हणा."

अकरा वर्षं झाली या बोलण्याला. खडीच्या धुळीनं चरचरलेला, शब्दाशब्दाला तुटणारा धुरपदाचा तो आवाज मथुराबाईंच्या कानातून गेला नव्हता. दळताना यायचा, शेण सारताना यायचा, देवळात आरती चालू असली तरी मधूनच यायचा. एरवी ही नणंद गायला लागली की जातं हलकं व्हायचं. पायली दळून व्हायची आणि खुंट्यावरचा हात दुखायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात दोघी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेल्या, तिथंही धुरपदा ढिगावर बसून ओव्या म्हणायची आणि आसपासच्या हातोड्या आपोआप तालावर पडायच्या. चैताच्या एका दिवशी तिचा घसा बसला. आठ दिवसांनी बोलणं परत आलं. गाणं काही आलं नाही.

आज पुन्हा चैतच होता. लाईट गेल्यानं सोप्यातला पंखा थांबला होता. बाजेवर मथुराबाईंचे यजमान आण्णासाहेब, समोर खुर्चीवर त्यांचा धाकटा भाऊ बलभीम. तो सकाळच्या एसटीनं उमरग्याहून आला होता आणि अजून त्यानं पायातले मोजे काढले नव्हते. दोघांच्या मधे पाटावर एक पुस्तक ठेवलं होतं. वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे मऊ पडलेले, पाठीला खळ लावून चिकटवलेली पट्टी. मुरुमच्या वाचनालयात या पुस्तकासाठी नंबर लावावा लागायचा. ग्रंथपाल गुरुसिद्धप्पा म्हणायचे, आजवर पोथीला एवढे हात लागले नसतील. 'बारवेची पायरी', लेखक कुमार श्रीकांत, आवृत्ती सातवी. थोरल्या घरची गोदा आणि सालगड्याचा मुलगा माधव यांची गोष्ट. मुरुमपासून उमरग्यापर्यंत पोरीबाळी ती वाचून रडत होत्या, आणि शेवटाला माधवला वाट पाहायला लावून न आलेल्या गोदेला नावं ठेवत होत्या.

मथुराबाईंच्या लेकीनं, जाईनं, ते पुस्तक नऊ दुपारी घरातल्या बायकांना वाचून दाखवलं होतं. पापड लाटायचे, वाळवण राखायचं आणि ऐकायचं. पहिल्याच दुपारी 'गोदा' हे नाव कानावर पडलं आणि मथुराबाईंचं लाटणं थांबलं होतं. आण्णासाहेबांच्या घरच्या बायका खडीवर जातात हे गावाला कळू नये, म्हणून हजेरीपटावर धुरपदाचं नाव बदलून गोदा असं घातलं होतं. घालणारा श्रीपती. यांच्याच सालगड्याचा मॅट्रिक झालेला पोरगा, कामावर हजेरी घ्यायचा. ते नाव जगात तिघांनाच ठाऊक होतं.

नऊ दुपारी मथुराबाईंनी मान वर केली नाही. धुरपदानंही केली नाही. दोघींचे पापड मात्र लई पातळ निघाले.

*

"हे," बलभीम पाटाकडं बोट करून म्हणाला, "हे वाचून पोरगी बिघडली. दुसरं काय बी न्हाय."

जाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चार दिवसांपूर्वी तिनं बापाला आपल्या तोंडानं सांगितलं होतं, की ज्ञानोबाशी लग्न करायचंय. ज्ञानोबा दूध संस्थेत आलेल्या दुधाचं फॅट तपासायचा. त्याचा बाप दुसऱ्यांच्या विहिरी खोदत आला, स्वतःची हातभर जमीन नव्हती. आणि आण्णासाहेब त्याच संस्थेचे सात वर्षांपासूनचे अध्यक्ष. काकानं अणदूरचं स्थळ आणलं होतं, जमीनजुमला असलेलं, आणि त्या लोकांना उद्या सकाळी शब्द द्यायचा होता. म्हणजे जे काही ठरायचं ते आजच.

"काका, पुस्तक आलं दहा दिवसांखाली," जाई म्हणाली. "ज्ञानोबा संस्थेत लागून तीन वर्षं झाली."

"बघा. तोंड बघा. एकशे बाराव्या पानावर ती गोदा बापाला अशीच उलटून बोलती."

आण्णासाहेबांनी पाटावरच्या पुस्तकाकडं पाहिलं, मग भावाकडं.

"बलभीम," आण्णासाहेब हळूच म्हणाले, "एकशे बाराव्या पानावर काय हाय हे तुला कसं ठाऊक?"

"घरात पडलेलं असतंय." बलभीम आता मोजे काढायला वाकला. "आमच्या हिनं दोनदा वाचलं. जेवताना बी त्येच सांगती. कानावर पडतंय माणसाच्या."

धुरपदा दारात दुधाची रिकामी किटली घेऊन उभी होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि विझलं. संध्याकाळच्या दुधाला अजून तास होता, पण ती किटली हातातून ठेवत नव्हती. जाईनं आत्याकडं पाहिलं. या घरात आपल्या बाजूचं एवढं एकच माणूस, असं तिला वाटत होतं. रोज दूध घालायला आत्याच जायची. ज्ञानोबानं एकदा अध्यक्षांच्या घरचं दूध पाणी लागलंय म्हणून परत पाठवलं, तेव्हा ती किटली परत आणणारी हीच, आणि घरी येऊन पदर तोंडाला लावून हसणारीही हीच. पाणी गड्यानं घातलं होतं. गडी गेला, ज्ञानोबा राहिला.

"सभा भरली समजा," आण्णासाहेब म्हणाले.

"आण्णा, ही संस्था न्हाय. घर हाय."

"संस्थेत निदान एकमेकाला बोलू देत्यात." त्यांनी चष्मा पुसला. "तिघांनी मत सांगायचं. तू, धुरपदा आन् जाईची आई. दोघं ज्या बाजूला, ती बाजू खरी. म्या अध्यक्ष. माजं मत बाजूला."

"आन् माजं?" जाई म्हणाली.

"जिच्यावर ठराव हाय तिला मत नसतंय, बाई. हा नियम म्या केला न्हाय."

बलभीमचा हात लगेच वर झाला. "अणदूर. लिवून घ्या."

"धुरपदा?"

"जाईला ज्या घरात जावं वाटतंय, त्या घरात जाऊ द्या," धुरपदा म्हणाली. तिचं बोलणं नेहमीसारखं, हिशोबी पावलांनी ओटा उतरल्यासारखं. "पोराचा हात स्वच्छ हाय. म्या तीन वर्षं बघते."

मग सगळ्यांनी मथुराबाईंकडं पाहिलं. त्या सुपात जोंधळा घेऊन बसल्या होत्या. बोटं खड्यावर थांबली, आणि त्या म्हणाल्या, "मला वाईच दम द्या."

"वैनींचं मत आमच्याकडंच हाय," बलभीम म्हणाला. "कुठली आई लेकीला विहीर खोदणाऱ्याच्या खोपटात घालंल?"

जाईला माहीत होतं, काका खोटं बोलत नव्हता. आई कधी थोरल्यांच्या विरुद्ध गेली नव्हती.

"तवर पुस्तकाचं बघू," आण्णासाहेब म्हणाले. "आळ घ्यायचा तर त्याला बी बोलू द्यावं. वाचल्याबिगर ठराव न्हाय. जाई, शेवट राहिलाय म्हणं तुमचा. वाच."

*

आण्णासाहेबांनी आयुष्यात कादंबरी ऐकली नव्हती. ते ठरावाचा मसुदा ऐकतात तसे ऐकत होते, मान तिरकी करून, चूक कुठं सापडते ते पाहत. जाईचा आवाज आधी कोरडा होता. मग चार ओळींत तो गोष्टीचा झाला.

"'त्या थोरल्या घरच्या दोघी तांबडं फुटायच्या आधी घर सोडत. तीन कोस चालून येत. डोळ्यांपर्यंत पदर ओढलेला. खडी फोडताना त्यांचे हात फुटले, पण पदर ढळला नाही. त्यांच्या घरचा धनी गावात पारावर बसून लोकांना सांगे, आमच्या बायका माहेरी गेल्यात...'"

आण्णासाहेबांनी चष्मा काढला.

हे त्यांनीच सांगितलं होतं. याच शब्दांत. चाळीस एकर काळी राखेसारखी उडत होती, कणगीत उंदीर फिरत नव्हता, आणि ते पारावर ताठ बसून म्हणाले होते, बायका माहेरी गेल्यात. पहाटे घरातून निघा, दिवस बुडाल्यावर या, जवळच्या कामावर जाऊ नका, हे हुकूमही त्यांचेच. संध्याकाळी बायको भाकरी वाढायची तेव्हा ते तिच्या हाताकडं पाहायचे नाहीत. पुढं पाऊस झाला, संस्था झाली, नवं घर झालं. त्या हातांचा विषय या घरात पुन्हा निघाला नाही.

कुणी लिहिलं हे? त्यांनी बलभीमकडं पाहिलं. बलभीम खाली फरशीकडं पाहत होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं. त्यानं पुस्तकावर घेतलेला सगळा राग कदाचित याच पानाचा असावा.

"फुडं वाच," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच दुसऱ्याचा वाटला.

*

धुरपदा वाचन ऐकत नव्हती, वाट पाहत होती. नऊ दुपारी तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: तो का आला नाही, ते त्यानं लिहिलंय का.

गावातल्या बायका गोदेला नावं ठेवत, तेव्हा ती गप्प बसायची. गोष्टीतली गोदा नसेल आली. गोष्टीला रडणं लागतं, म्हणून त्यानं तसं केलं असेल. खरी गोदा तर आली होती. हातात दोन लुगड्यांचं बोचकं घेऊन मळ्यातल्या चिंचेखाली उभी होती, दिवस बुडेपर्यंत, आणि बुडाल्यावरही, टिटवी ओरडून गप्प होईपर्यंत. मग ती घरी आली. दुसऱ्या दिवसापासून कामावर हजेरी घ्यायला दुसराच माणूस होता. आषाढात तिला ईट गावी दिली. अडीच वर्षांनी नवऱ्यानं दुसरी केली आणि ती भावाच्या दारात परत आली. तवर श्रीपतीचा बाप वारला होता, खोपट पडलं होतं. तो कुठं गेला ते विचारायची सोय नव्हती.

"'कामावर बोलायची चोरी होती,'" जाई वाचत होती. "'गोदेला जे सांगायचं ते ती ओवीत सांगे. माधव हजेरीपट घेऊन ढिगामागून जाई आणि ओवी कानात धरून पुढं सरके. त्या दिवशी त्यानं ढिगापलीकडून ऐकलं:

दिस खडीच्या ढिगावरी | कसा उतरणीला लागं
उद्या बारवेच्या पायरीला | जीव माझा वाट बघं

दुसऱ्या दिवशी माधव बारवेत उतरला. बारव आटली होती. आठव्या पायरीवर तो बसला. दिवस बुडाला, चांदणं पार तळापर्यंत गेलं, कोंबडा आरवला. गोदा आली नाही. थोरल्या घरच्या लेकीला त्या आठ पायऱ्या उतरणं जमलं नाही...'"

"सावलीत," धुरपदा म्हणाली.

जाई थांबली. "काय, आत्या?"

"बारवेच्या पायरीला न्हाय. 'उद्या चिंचेच्या सावलीत, जीव माझा वाट बघं.' तशी हाय ती."

"पुस्तकात असं दिलंय."

"असंल."

"तुला कशी ठाऊक?" बलभीमनं विचारलं. विचारलं आणि त्याचं त्यालाच नको झालं.

धुरपदानं किटली खाली ठेवली आणि ती तिथंच बसली. झाकण किंचित वाजलं. "ओवी माजी हाय. आन् लिवणारा श्रीपती हाय. आपल्या विठूगड्याचा."

आण्णासाहेब बाजेवर सरळ झाले.

"म्या गेलते, आण्णा," ती भावाला म्हणाली. रागावून नव्हे, कालच्या दुधाचा भाव सांगावा तशी. "तुमी इचारलं न्हाय म्हणून सांगितलं न्हाय. चिंचेखाली उभी व्हते. तो यील तर त्याच्या संगं जाणार व्हते. तो आला न्हाय असं अकरा वर्षं धरून चालले. तो बारवेत बसून व्हता, हे आज कळतंय."

"लेखकानं बदललं असंल," बलभीम पुटपुटला. "पुस्तकात बारव बरी दिसती. चिंचेत काय हाय."

"असंल," धुरपदा पुन्हा म्हणाली.

पण श्रीपतीनं त्याच्या हजेरीपटात कधी खाडाखोड केली नव्हती. जे ऐकलं तेच तो लिहायचा. चिंच आणि बारव, मधे अर्ध्या कोसाचा माळ. त्या माळाच्या दोन टोकांना दोघं एकाच वेळी उभी होती. ओवी त्या दिवशी कुणाच्या तोंडची होती, हे तिला आठवलं. विसरलीच कधी नव्हती. तिनं किटलीच्या कडीवर बोट फिरवलं. वहिनीकडं मात्र पाहिलं नाही.

*

मथुराबाईंना ते न पाहणं कळलं. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

त्यांनी सूप बाजूला सारलं. जाई पुस्तक मिटून छातीशी धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते गोष्टीचं की आत्याचं की स्वतःचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षांची. धुरपदा तेव्हा एवढीच होती.

आण्णासाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "झालं ते... बहिणी, त्याला आता इलाज न्हाय. जे समोर हाय ते बघू. जाईची आई, तुमचं मत राहिलंय."

पाचजणांत आज पहिल्यांदा त्यांनी बायकोला 'तुमचं' म्हटलं होतं. बलभीमनंही ते ऐकलं.

"वैनी, सांगून टाका," तो म्हणाला. सकाळचा जोर आता त्याच्यात नव्हता. "अणदूरचे लोक चांगले हायत."

"चांगले असतील," मथुराबाई म्हणाल्या. "जाईला ज्ञानोबाच्या घरी द्या. हे माजं मत."

जाईनं पुस्तकावरची पकड आणखी घट्ट केली. आण्णासाहेबांनी मान डोलावली. नियम त्यांचाच होता.

"वैनी." बलभीमला खरंच कळत नव्हतं. "का पण? सकाळपासून तुमी गप. आन् आता हे. का?"

बाहेर, दूध संस्थेकडं जाणाऱ्या वाटेवर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. वाळवणावरची चिमणी उडाली. मथुराबाईंनी दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हातोडीचा जुना वण होता. आण्णासाहेब त्या हाताकडं पाहत होते. या खेपेला त्यांनी नजर काढून घेतली नाही.

"म्या एकदा पोरीचा निरोप नेला व्हता, भावजी. म्हणून," मथुराबाई म्हणाल्या. मग त्या बलभीमकडून वळल्या, बसल्या जागी, गुडघा सरकवून, अगदी नणंदेच्या समोर झाल्या. "धुरपदा, माज्याकडं बघ."

धुरपदानं पाहिलं.

"तुजा घसा बसला व्हता. तू म्हणलीस, वैनी, तेवढी ओवी तुमी म्हणा. आन् तो हजेरीला येताना दिसला तशी लाजून पाण्याच्या टाकीकडं गेलीस. मला सगळं कळलं व्हतं गं. महिनाभर कळत व्हतं. तो ढिगामागं आला. पहिली ओळ म्या तुजीच म्हणली. दुसऱ्या ओळीला चिंच तोंडात आली व्हती. ती गिळली आन् बारव म्हणले."

धुरपदाचं बोट किटलीच्या कडीवर थांबलं.

"लोक म्हणतील घराची अब्रू राखली. यांना बी तसं वाटंल, बरं बी वाटंल. तसं न्हवतं. अब्रूचं माज्या ध्यानात बी न्हवतं." त्यांचा आवाज बसत चालला होता, धुळीनं बसावा तसा. "सासू गेली व्हती. जाई आठ वर्षांची. ह्यांचं बोलणं म्हंजी हुकूम तेवढे. ह्या घरात मला नावानं हाक मारणारं, माज्या संगं हसणारं माणूस एक तूच व्हतीस. तू गेली असतीस तर पहाटं उठून म्या कुणासमोर बसले असते? जात्याला दुसरा हात न्हवता, धुरपदा. म्हणून म्या तुला ठिवून घेतलं."